सुरगाठ बांधणारी बाई

पिवळा खोटं बोलत नाही, पण तो सांगतो ते खरंही नाही, असं थोरलीने भर दुपारी उशांचे अभ्रे घडी करता करता जाहीर केलं. पाय प्लास्टरमध्ये घालून पलंगावर आडवी झालेली तिची भाची हातातला कंट्रोलर खाली ठेवून तिच्याकडे बघतच राहिली.

"मावशी, तू हा गेम चार दिवस बघते आहेस. लोक चार वर्षं डोकं खाजवताहेत."

"खाजवू देत. डोकं त्यांचं, नखं त्यांची."

भाची कुरिअरची पाकिटं वाटायची. स्कूटरवरून पडली, नडगी मोडली. तिची स्वतःची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि मावशीचं घर तळमजल्यावर, म्हणून ती सहा आठवड्यांसाठी इथे येऊन पडली होती. येताना कपड्यांची पिशवी विसरली, पण गेमचं यंत्र विसरली नाही. पहिल्या दिवशी थोरलीने कपाळावर हात मारून घेतला होता: "एवढी मोठी झालीस आणि खेळणं घेऊन आलीस!" दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहून बघू लागली. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून बसली. आता तर दोनला लाँड्रीतली पाळी सुटली की चपला काढायच्या आत विचारायची, "पिवळा कुठवर आला?"

पिवळा म्हणजे त्या गेमचा नायक. त्याला नाव नव्हतं. अंगात गुडघ्यापर्यंतचा पिवळा रेनकोट, खांद्याला पिशवी, आणि चेहरा असा की आत्ताच कोणीतरी ताटातला घास उचलून नेलाय. तो बोटीतून एका बेटावर उतरतो. बेटावर लाकडाची एक जळून गेलेली वखार आहे. त्या आगीत पूर्वी त्याचा भाऊ गेला आणि आग आपल्याच हातून लागली, असं त्याला आठवतं. भेटेल त्याला तो तेच सांगतो: "कंदील मी ठेवला. भुशावर ठेवला. विझवला नाही. दोष माझा." मग खेळणाऱ्याने बेटभर हिंडायचं, कुलपं उघडायची, जुने कागद वाचायचे आणि ठरवायचं की हा माणूस मुळात कोण, आणि त्याच्या आठवणीवर कितपत भरवसा ठेवायचा. गेम स्वतः काहीच सांगत नाही. म्हणून जगभरचे हौशी लोक इंटरनेटवर एका ठिकाणी जमून यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटत असत. भाचीही त्यांच्यातलीच.

कोणी म्हणे, हा नायक नाहीच, हा मेलेला भाऊ आहे. कोणी म्हणे, बेटच नाही, तो वेड्यांच्या इस्पितळात बसून हे सगळं बघतोय. कोणी म्हणे, तो आधीच मेलाय.

"मेलेला माणूस पाव मागून खातो का?" थोरली फणकारली. "परवापासून तीन वेळा खाल्ला. काहीतरी आपलं बोलायचं."

"मग तू सांग. काय खरं नाही?"

"ती आगीची आठवण परत लाव."

भाचीने लावली. पडद्यावर पिवळा वखारीत शिरला, हातात कंदील. चार पावलं गेला, वाकला, भुशाच्या ढिगावर कंदील ठेवला आणि निघून गेला.

"हे कोण बघतंय?" थोरलीने विचारलं.

"म्हणजे?"

"अगं, आपल्याला त्याची पाठ दिसते. रेनकोटाची शिवण दिसते, पिशवीचा पट्टा पिळलेला दिसतो. आठवण त्याची ना? मग त्याला स्वतःची पाठ कुठून दिसली? मी सकाळी चहा केला ते आठवते तेव्हा मला पातेलं आठवतं, गॅस आठवतो. माझा अंबाडा नाही आठवत."

"मावशी, कॅमेरा सगळ्या गेममध्ये मागेच असतो गं."

"चालताना असू दे की. पण कालच तो भावाबरोबर मासे धरायला गेलेला आठवत होता. तेव्हा पाणी दिसत होतं, त्याचे स्वतःचे ओले हात दिसत होते. फक्त आगीच्या वेळी पाठ. आणि बोलतो ते बघ. कोळिणीला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, त्या दाढीवाल्याला सांगितलं. तिन्ही वेळा तेच शब्द. मासे धरायची गोष्ट मात्र दोनदा सांगितली तर दोन्ही वेळा वेगळी. एकदा मासा हातभर, एकदा बोटभर. खरं असतं ते असं कमीजास्त होतं. जे पाठ केलेलं असतं ते होत नाही."

भाचीने आगीची आठवण पुन्हा पहिल्यापासून लावली.

"त्या आठवणीत तो नाहीच," थोरली म्हणाली. "कोणीतरी त्याला सांगितलं की तू हे केलंस. आणि इतक्या वेळा सांगितलं, की बिचाऱ्याला दिसायला लागलं." तिने घडी केलेल्या अभ्र्यांचा गठ्ठा नाडीने बांधला, एका झटक्यात, न बघता, आणि उचलून कपाटात टाकला.

भाचीने हे सगळं त्याच संध्याकाळी इंटरनेटवर लिहिलं. दोघांनी मावशीला सलाम ठोकला. बाकीच्यांनी टिंगल केली. एकाने ऐटीत लिहिलं की गेम बनवणाऱ्यांनी मेहनत वाचवायला जुनंच चित्र फिरवून वापरलंय, त्यात शोधण्यासारखं काही नाही.

"असेल बनवणाऱ्यांचा आळस," थोरली म्हणाली. "पण भोगतोय तो."

आता थोरलीबद्दल सांगायला हवं. तिला घरात थोरली म्हणत, कारण दोन जावांत ती मोठी. लाँड्रीतही तेच नाव चिकटलं, कारण दोघी जावा एकाच आठवड्यात तिथे कामाला लागल्या. ही थोरली, ती धाकटी. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी ट्रक भरभरून तिथे यायच्या. इस्त्रीच्या हॉलमध्ये खोलीएवढा लांब तापता रोलर होता. धाकटी एका बाजूने चादर आत सारायची, थोरली दुसऱ्या बाजूला ती धरायची, दुमडायची, गठ्ठा करायची आणि सुती नाडीने बांधायची. एकोणीस वर्षं दोघींनी असं एकमेकींच्या समोर उभं राहून काम केलं. घरीही दारं समोरासमोर. धाकटीच्या घरी काय शिजतंय हे थोरलीला वासावरून कळायचं, आणि थोरलीचं आज कोणाशी वाजलंय हे धाकटीला भांड्यांच्या आवाजावरून.

गाठीचंही सांगून ठेवतो. लाँड्रीत काम शिकायला आलेल्या पोरीला पहिल्या दिवशी सुरगाठ शिकवतात. सुरगाठ म्हणजे एक टोक ओढलं की सुटणारी. निरगाठ तिथे कोणी मारत नाही. ओल्या कपड्यांत, वाफेत निरगाठ फुगते, दगड होते, मग नखं तुटतात पण गाठ सुटत नाही, आणि कात्री लावली की नाडी वाया जाते. थोरलीच्या हाताला सुरगाठीची इतकी सवय की ती पिठाची पिशवी, खिडकीचा पडदा, भाचीच्या प्लास्टरवरची प्लॅस्टिकची पिशवी, सगळं सुरगाठीने बांधायची.

अकरा वर्षांपूर्वी धाकटीचा उजवा हात रोलरमध्ये गेला.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात फार पुढे गेला तर तो दांडीला लागतो, दांडी ढकलली जाते, रोलर थांबतो. दांडी मोकळी असताना पायाने पेडल दाबलं की फिरता रोलरही थांबून वर उचलला जातो; दांडी बांधलेली असली की पेडलही चालत नाही. त्या दिवशी दांडी कोणीतरी चौकटीला बांधून ठेवलेली होती. ती ढकलली गेली नाही. थोरली पलीकडून धावली, ओल्या फरशीवर घसरली, ट्रॉलीच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं आणि तिची शुद्ध हरपली. ती जागी झाली तेव्हा धाकटीला इस्पितळात नेलेलं होतं, दोन बोटं गेलेली होती, आणि समोर लाँड्रीतले अपघात बघणारे सुरक्षा साहेब कागद घेऊन बसले होते.

सुरक्षा साहेब काही राक्षस नव्हते. त्यांना संध्याकाळपर्यंत अहवाल पाठवायचा होता आणि अहवालात एक नाव लागत होतं. रोलरची जबाबदारी थोरलीची. त्यांनी विचारलं, दांडी तुम्हीच बांधलीत ना? आठवून बघा. थोरलीच्या डोक्याला सात टाके होते. ती म्हणाली, असेल साहेब. साहेबांनी लिहिलं, तिने सही केली.

तिथे संपलं असतं तरी बरं. पण साहेबांना एक नामी कल्पना सुचली. नव्या बायकांना पाट्या वाचून दाखवून काही उपयोग होत नाही, जिने चूक केली तिनेच ती सांगितली तर काळजाला भिडेल. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी, नवी माणसं आली की थोरली रोलरपाशी उभी राहून धडा द्यायची. मजकूर साहेबांचा: "त्या दिवशी ब्लँकेटांचा ढीग होता. दांडी सारखी अडत होती. माझ्या मनात घाईचं पाप आलं. मी नाडी घेतली, दांडी चौकटीला बांधली, पक्की निरगाठ मारली. माझ्या घाईने माझ्या जावेची दोन बोटं घेतली. तुम्ही असं करू नका." घाईचं पाप वगैरे शब्द थोरलीच्या तोंडी एरवी मेलं तरी येणार नाहीत. पण ती बिनतक्रार बोलायची. हातवारेही करायची, रिकाम्या हातांनी.

धाकटीला बरी झाल्यावर स्टोअरमध्ये बसवलं होतं. स्टोअरची खिडकी हॉलमध्येच उघडते. धड्याची वेळ झाली की ती खिडकीचं लोखंडी शटर खाली ओढून घ्यायची. अकरा वर्षांत ती थोरलीशी एक शब्द बोलली नव्हती. थोरलीचा नवरा गेला तेव्हा आली, कोपऱ्यात उभी राहिली, मोठ्या दिराच्या पायाला हात लावला आणि तशीच आपल्या दारातून आत गेली. थोरलीने मनाशी धरलं होतं की आपण जिला काहीच परत देऊ शकत नाही, तिच्यासाठी निदान स्वतःला दोष तरी देतो आहोत, चारचौघांत, मोठ्याने. तेवढंच आपल्या हातात आहे.

आता थोरली दोन महिन्यांत निवृत्त होणार होती. साहेबांना प्रश्न पडला की पुढे धडा कोण देणार. त्यांनी ठरवलं की शेवटच्या धड्याचं चित्रीकरण करून घ्यायचं, म्हणजे थोरली घरी गेली तरी पडद्यावरची थोरली दर तीन महिन्यांनी तेच सांगत राहील. "एक शब्दही इकडचा तिकडे नको हं बाई," त्यांनी बजावलं. "कायमचं राहणार आहे ते."

सोमवारी चित्रीकरण. त्याआधीच्या गुरुवारी दुपारी थोरलीने भाचीला सांगितलं, "मोबाइलवर घे बरं मी कशी दिसते ते. बावळट नको दिसायला." भाचीने घेतलं. थोरलीने धडा म्हटला. "परत घे," ती म्हणाली, "मान वाकडी झाली." दुसऱ्यांदा सुरू केलं. ब्लँकेटांचा ढीग झाला, दांडी अडली, घाईचं पाप आलं, मी नाडी घेतली, दांडी चौकटीला बांधली, निरगाठ मारली...

शेवटच्या वाक्यापर्यंत ती पोचली आणि थांबली.

"काय झालं?" भाचीने विचारलं.

थोरली भिंतीकडे बघत होती. "मला ती बाई दिसते," ती म्हणाली. "हिरवा एप्रन. दांडीपाशी वाकली आहे. एप्रनची गाठ पाठीवर दिसते. केस वर बांधलेत." तिचा आवाज एकदम खाली आला. "मला माझा अंबाडा दिसतोय गं."

भाचीच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग तिने मोबाइलवर आधी पहिला धडा लावला, मग दुसरा. दोन्हींत तेच शब्द, त्याच जागी तोच श्वास, 'पाप' म्हणताना डोळे मिटणंही तेच.

"बंद कर," थोरली म्हणाली.

ती मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. मग तिने त्या सकाळचं काय काय आपलं स्वतःचं आठवतं ते चाचपून पाहिलं. हाताला लागलेली गरम चादर आठवली. धाकटी तिच्या मुलाच्या गणिताच्या मार्कांबद्दल सांगत होती ते आठवलं, आणि त्यावर आपण काहीतरी वात्रट बोललो आणि ती हसली, तेही. त्या आठवड्यात दांडी अडते म्हणून तक्रार गेली होती आणि पहाटेच्या पाळीला मेकॅनिक येऊन गेल्याचं कोणीतरी म्हणालं होतं, ते आठवलं. नाडीचा स्पर्श मात्र कुठेच नव्हता. दांडी थंड होती की गरम, ते नव्हतं. पाठमोरी बाई तेवढी होती, आणि ती इतकी स्वच्छ दिसत होती की थोरलीला तिचा रागच आला.

"मावशी, सांगून टाक सगळ्यांना," भाची उसळून म्हणाली.

"आणि धाकटी काय म्हणेल? बघा, निघाली घरी, आता हात झटकतेय. अकरा वर्षं कबूल, आणि जाता जाता नाकबूल!"

"पण तू केलंच नसशील तर?"

थोरलीला भीती सुरक्षा साहेबांची नव्हती. साहेब फार तर निरोपाचा समारंभ रद्द करतील, आणि त्यातल्या भाषणांपासून सुटका होईल ती वेगळीच. भीती समोरच्या दाराची होती. आजवर ते बंद होतं, पण बोललो तर त्याला आतून कायमची कडी लागेल.

भाचीने विषय बदलायला म्हणून गेम लावला. पिवळा बेटाच्या टोकाला फाटकापाशी पोचला होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने वही पुढे केली. पडद्यावर एकच शब्द लुकलुकू लागला: कबूल. बटण दाबलं की फाटक उघडतं, बोट येते, गेम संपतो. झाडून सगळे तेच दाबतात, भाची म्हणाली.

"दाबू नकोस," थोरली म्हणाली.

"मग गेम संपतच नाही गं."

"नको संपू दे. उभा राहू दे तिथेच. पाय दुखले तर बसेल खाली. पण जे आपण केलं की नाही हेच माहीत नाही, त्याच्यावर सही कशाला करायची? फाटक उघडतंय म्हणून?"

भाचीने कंट्रोलर बाजूला ठेवला. पिवळा फाटकापाशी उभा राहिला.

सोमवारी सकाळी दहा वाजता इस्त्रीच्या हॉलमध्ये नऊ नव्या मुली रांगेत उभ्या होत्या. रोलर गार करून नुसताच फिरत ठेवला होता. कॅमेरा घेऊन आलेली बाई प्रकाश बघत होती. साहेबांनी केस ताजे काळे केले होते. स्टोअरचं शटर नेहमीप्रमाणे खाली आलं, त्याचा तो खडखडाट थोरलीने मान न वळवता ऐकला.

"सुरू करा," साहेब म्हणाले.

"त्या दिवशी ब्लँकेटांचा ढीग होता," थोरलीने सुरुवात केली. "दांडी सारखी अडत होती." आणि ती थांबली. "साहेब, मला नाडी हवी."

"कशाला? नेहमी तर नुसतंच दाखवता."

"कायमचं राहणार आहे म्हणालात ना? मग नीट दाखवते."

साहेबांना हे पटलं. ते कोणाला तरी पाठवणार, तोवर थोरली स्वतःच चालायला लागली. स्टोअरच्या खिडकीपर्यंत वीस पावलं असतील. तिने शटरवर बोटांनी ठकठक केलं. आतली हालचाल थांबली.

"नाडी दे गं," थोरली म्हणाली. "हातभर पुरे."

अकरा वर्षांनी पहिला शब्द बोलायचा, तर तो नाडीसाठी. थोरलीला हसू आलं. मग शटर वीतभर वर सरकलं आणि खालून एक हात बाहेर आला. अंगठा आणि दोन बोटं. त्यांत नाडी होती. थोरलीने ती घेतली. हात आत गेला, पण शटर खाली आलं नाही.

ती रोलरपाशी परतली. दांडीभोवती नाडी फिरवली, चौकटीभोवती फिरवली आणि मुलींना म्हणाली, "आता मी निरगाठ मारते, बघा." हातांनी गाठ मारली. तिने खाली पाहिलं. सुरगाठ होती.

एक मुलगी फिसकन हसली. थोरलीने टोक ओढून गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. पुन्हा सुरगाठ. तिसऱ्यांदा तिने ओठ घट्ट मिटून, मनात निरगाठ, निरगाठ म्हणत बांधली, आणि शेवटच्या क्षणी बोटांनी आपल्या मनाने सुरगाठीची ती कडी आत घातलीच. थोरली स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. तिने ठरवून आणलेलं भाषण डोक्यातून उडून गेलं. त्याची गरजच नव्हती.

"काय चाललंय बाई?" साहेब म्हणाले. "पुढचं बोला."

"बोलते. साहेब, तुमच्या कागदात लिहिलंय की मी घाईत निरगाठ मारली. मी शांतपणे, समोर बघून, ठरवून मारायला गेले तरी माझ्या हातून ती होत नाही. बळेबळेच केली तर होईलही. पण घाईत? घाईत माझे हात हेच करणार. तीस वर्षं हेच करताहेत."

"हे धड्यात नाही."

"धड्यात नाही. हातात आहे." थोरलीचा आवाज आता हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचत होता. "मुलींनो, दांडी कोणी बांधली ते मला माहीत नाही. ज्याने बांधली त्याचं नाव मी घेणार नाही, कारण मी पाहिलं नाही. न पाहिलेलं सांगायचं नाही, एवढं अकरा वर्षांनी शिकले. मी बांधली हेही मी पाहिलेलं नाही. मला ते सांगण्यात आलं. मी डोकं फुटून पडले होते, 'असेल' म्हणाले, आणि तुमच्यासारख्या शेकडो पोरींपुढे ते खरं म्हणून घोकत राहिले. दांडी कधी बांधू नका. आणि डोकं फुटलेलं असताना कसल्याही कागदावर सही करू नका. हा माझा धडा. संपला."

"कॅमेरा बंद करा," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बाई, दोन महिने राहिलेत तुमचे. आपण हे परत घेऊ, पहिल्यापासून."

"शंभरदा घ्या. गाठ तीच पडेल."

तेवढ्यात स्टोअरचं दार उघडलं. धाकटी बाहेर आली. ती सरळ चालत रोलरपाशी आली. नव्या मुली आपोआप बाजूला झाल्या. कॅमेरा बंद करायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. थोरलीने मान खाली घातली नाही.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली. तिचा आवाज थोरलीला आठवत होता त्यापेक्षा जाडा झाला होता. "त्या दिवशी मी शुद्धीवर होते. हात आत होता आणि सगळे ओरडत होते, कात्री आणा, कात्री आणा. गाठ कोणालाच सुटत नव्हती. कात्री येईपर्यंत मी डोळे मिटून आकडे मोजत होते. दुसरं काय करणार? एकशे चाळीसपर्यंत मोजले."

कात्रीचं थोरलीला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"आणि मग तुम्ही दर तीन महिन्यांनी इथे उभ्या राहून तुमच्याच तोंडाने सांगायचात, पक्की निरगाठ मारली. मी शटरच्या आड ऐकायचे. मला वाटायचं, जाऊबाई चुकून बांधत्या तर सुरगाठ बांधत्या. जन्मात कधी मारली नाही ती निरगाठ मारली, म्हणजे ठरवून मारली. माझ्यासाठी." धाकटीने नाक ओढलं. "मला कधी सुचलंच नाही हो, की तुम्ही बांधलीच नसेल."

दांडी अजून बांधलेली होती, थोरलीच्या तिसऱ्या सुरगाठीने. धाकटीने उरलेल्या दोन बोटांत आणि अंगठ्यात नाडीचं टोक धरलं. थोरलीने, कोणी न सांगता, पेडलवर पाय ठेवला. एकोणीस वर्षं दोघी अशाच समोरासमोर उभ्या राहिल्या होत्या.

धाकटीने टोक ओढलं. गाठ सुटली, दांडी मोकळी झाली, थोरलीने पेडल दाबलं आणि रोलर थांबून वर उचलला गेला.

"एक," धाकटी मोठ्याने म्हणाली.

दोन म्हणायची वेळच आली नाही.